अर्धपोटी यंत्राचा मुकादम

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमचे नाव पत्रिकेत घातले, तेव्हा हा गृहस्थ बोनसवर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेल अशीच त्यांची अपेक्षा असणार. आम्ही विषय कळविला, ‘मायक्रोप्रोसेसरच्या विद्युद्दाबावरील देखरेख’. लगेच त्यांचा फोन आला की, विषय लिहिताना काही घोटाळा तर झाला नाही ना? घोटाळा नव्हता. आमचे शिक्षण दहावीपर्यंत आणि पुढे आयटीआयमध्ये फिटरचे. त्यानंतरची तीस वर्षे कारखान्यांच्या दाराशी उभे राहून माणसे जमविण्यात गेली. सूक्ष्म यंत्रांशी आमचा संबंध येण्याचे काहीच कारण नव्हते. तो आला सतरा माणसांच्या पगारामुळे, आणि ती हकीगत सांगितल्यावाचून विषयाला हात घालता येणार नाही.

साल २००७. महाराष्ट्रात भारनियमनाचे दिवस होते. आमच्या औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्याने, ज्याचे नाव घेण्याचे येथे कारण नाही, फाटकावरच्या चौकीत हजेरीचे नवे यंत्र बसविले होते. कार्ड टेकवावे, ‘टिक्’ असा आवाज यावा, काचेवर क्रमांक उमटावा की हजेरी लागली. जुने मस्टर बंद झाले. महिनाअखेरीस दुसऱ्या पाळीच्या सतरा जणांच्या पगारात कोणाचे दोन, कोणाचे चार दिवस कापलेले. यंत्राच्या नोंदीप्रमाणे ते त्या दिवशी आलेच नव्हते. एकाच्या नावावर तर येऊ घातलेल्या सालातली हजेरी होती. प्रेसवर काम करणारा एक वयस्क गृहस्थ आम्हाला म्हणाला, “दादा, मी आलो होतो. कार्ड टेकवलं, टिक् झालं. आता मी आलो होतो हे मी कसं सिद्ध करू?” व्यवस्थापकांचे उत्तर एका वाक्याचे होते : माणूस खोटे बोलतो, यंत्र बोलत नाही. त्यावर या प्रेसवाल्याने आवाज चढविला, म्हणून त्याच्या हाती आरोपपत्र ठेवण्यात आले.

आमच्यापाशी तेव्हा प्रतिवाद नव्हता. फक्त एक गोष्ट हाती लागली. सतराही जणांच्या बुडालेल्या नोंदी आम्ही कागदावर मांडल्या, तेव्हा बहुतेक सगळ्या दुपारी तीन वीस ते तीन चाळीसच्या दरम्यानच्या निघाल्या. खोटे बोलणारी सतरा माणसे एकच वीस मिनिटे निवडणार नाहीत. त्या वीस मिनिटांत फाटकावर काय घडते, हा प्रश्न घेऊन आम्ही या विद्येच्या दारात गेलो.

आता थोडे मागे जाऊ. व्होल्टेज, म्हणजे विद्युद्दाब, कमी झाला की घरात काय होते ते आपण सर्व जाणतो. दिवा पिवळा पडतो, पंखा मंदावतो. ही प्रामाणिक यंत्रे होत. जेवढे दिले तेवढे काम करतात आणि कमी मिळाले तर ते उघड दाखवितात. शेतावरचा पंप निराळा. दाब उतरला तरी त्याला तेवढेच पाणी ओढायचे असते, म्हणून तो जास्त प्रवाह घेतो, तापतो आणि वाइंडिंग जाळून घेतो. यासाठीच त्याच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. दाब फार उतरला की ती कॉइल आपली पकड सोडते, मोटार सुटते, आणि कोणी हिरवे बटण दाबीपर्यंत सुटलेलीच राहते. आजच्या विषयाचा हा अगदी घरचा पूर्वज आहे. श्रोत्यांत शेतकरी असतील, तर त्यांनी एवढी कॉइल ध्यानात ठेवली तरी पुढचे निम्मे समजले.

मायक्रोप्रोसेसर या दोहोंहूनही निराळा. दाब उतरला तर तो दिव्यासारखा मंद होत नाही आणि पंपासारखा जळतही नाही. तो भलतेच काम करू लागतो, आणि तेही पूर्वीच्याच वेगाने.

असे का व्हावे? आमच्या हजेरीयंत्रात ८०५१ या घराण्यातला प्रोसेसर होता. इंटेल कंपनीने १९८० मध्ये बाजारात आणलेला हा नमुना पुढे अनेकांनी बनविला. १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक जोडला, तर त्याची १२ स्पंदने मिळून कामाचे एक चक्र होते. म्हणजे सेकंदाला १० लाख चक्रे. प्रत्येक चक्रात करायचे काय, तर स्मृतीतून एक आकडा उचलायचा, तो आकडा ज्या कामाचा संकेत असेल ते काम करायचे आणि पुढच्या आकड्याकडे जायचे. हे सारे ट्रान्झिस्टरच्या सूक्ष्म खटक्यांनी चालते. प्रत्येक खटक्याला इकडून तिकडे पडायला थोडा अवधी लागतो, आणि दाब जितका कमी तितका तो अवधी वाढतो. स्फटिकाचा ठेका मात्र तोच राहतो. लेझीम खेळणारी मुले दमलेली आहेत, पाय जड झाले आहेत, पण हलगीवाला आपली लय सोडायला तयार नाही, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पुढचा ठोका पडतो तेव्हा निम्म्यांचे पाऊल अजून हवेत असते.

मग आकडा वाचायचा एक आणि वाचला जातो दुसराच. पुढच्या कामाचा पत्ता चुकतो. प्रोसेसर आज्ञांची पाने सोडून भलत्याच पानावर जातो आणि तेथे लिहिलेले आकडे याच आज्ञा समजून पाळू लागतो. कारकुनाने कामाच्या वहीऐवजी वाण्याची यादी उघडावी आणि “गूळ दोन किलो” हाच वरिष्ठांचा हुकूम समजून तो बजावीत सुटावे, तशातला प्रकार. त्या यादीत कोठे “येथे लिहा” असा अर्थ निघाला, की जुन्या नोंदींवर नव्या रेघोट्या उमटतात. उपाशी माणूस निजून तरी राहतो. अर्धपोटी माणसाकडून चढ्या पाळीत काम घेतले म्हणजे काय होते ते प्रेसवर बोटे गमावलेल्यांना विचारावे.

आता दाब उतरतो किती आणि कसा, ते पाहू. नियमाने घरगुती जोडणीच्या २३० व्होल्टमध्ये सहा टक्क्यांहून अधिक चढउतार होऊ नये. म्हणजे २१६ ते २४४. नियम कागदावर असतो आणि चौकी फाटकावर. त्या कारखान्याची चौकी मुख्य फळीपासून दूर, बारीक आणि लांब केबलच्या टोकाला होती. दुसरी पाळी सुरू होताना शेडमधला मोठा कॉम्प्रेसर चालू होई. थेट सुरू केलेली मोटार पहिले काही सेकंद नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. पाठोपाठ प्रेस सुरू होत. आम्ही चौकीत मल्टिमीटर लावून पाहिले, तर त्या क्षणी काटा १५०च्या आसपास येई. आणि त्याच क्षणी दुसऱ्या पाळीची रांग कार्डे टेकवीत असे. वीस मिनिटांचे कोडे येथेच निम्मे सुटले.

पुढचे निम्मे अंकगणिताचे आहे. ते आम्ही टाळणार नाही, कारण आम्हाला ते शिकायला चार महिने लागले. यंत्राच्या आत २३० व्होल्टचे ९ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर होता. प्रत्यावर्ती विजेची लाट शिखरावर सुमारे १२.७ व्होल्टपर्यंत जाते. तिला एका दिशेने वळविणारे दोन डायोड मिळून १.४ व्होल्ट खातात. उरले ११.३. एवढ्यावर एक १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर भरतो आणि दोन शिखरांमधला वेळ भरून काढतो, जशी माळ्यावरची टाकी नळ जाऊन येईपर्यंत घर चालविते. त्या टाकीतून रेग्युलेटर नेमके ५ व्होल्ट काढून प्रोसेसरला देतो. पण रेग्युलेटरला स्वतःसाठी वर दोनेक व्होल्ट हवे असतात. टाकीत ७ व्होल्टपेक्षा कमी झाले, की ५ देणे त्याच्या हातात राहत नाही.

आता बाहेर १५० व्होल्ट झाले असे धरा. ९ चे ५.९ झाले. शिखर ८.३, डायोड वजा जाता ६.९. म्हणजे टाकी काठोकाठ भरली तरी ७ च्या खालीच. यंत्र २०० मिलिअँपिअर खात असेल, तर एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंत टाकी आणखी दीड-दोन व्होल्ट उतरते. सेकंदाला अशी १०० शिखरे आणि मध्ये १०० खड्डे. प्रत्येक खड्ड्यात प्रोसेसरला ५ च्या जागी तीन-साडेतीन व्होल्ट मिळत होते, आणि शिखराजवळ पुन्हा जवळजवळ पुरेसे. म्हणून काच उजळलेली राही, ‘टिक्’ आवाज येई, कोणालाही शंका येत नसे. सेकंदाला शंभर वेळा अर्धे जेवण आणि शंभर वेळा ताटावरून उठविणे, असा तो कारभार होता.

यावर उपाय म्हणजे प्रोसेसरच्या रिसेट नावाच्या पायाचा उपयोग. या पायावर योग्य तो संकेत असेपर्यंत प्रोसेसर काहीच करीत नाही. संकेत काढला की तो शून्य पत्त्यापासून, पहिल्या ओळीपासून, शहाण्यासारखे काम सुरू करतो. स्वस्त यंत्रांत या पायाला एक १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि ८.२ किलोओहमचा रोध जोडून मोकळे होतात. वीज आली की कॅपॅसिटर भरेपर्यंत काही मिलिसेकंद प्रोसेसर थांबतो, मग सुटतो. नवी वीज आल्यावर हे ठीक चालते. पण एकदा भरलेल्या त्या कॅपॅसिटरला मधल्या खड्ड्यांचे काही कळत नाही. सकाळचा भोंगा वाजवून दिवसभर झोपणारा पहारेकरी म्हणावा असा हा प्रकार. आमच्या यंत्रात हाच होता.

त्याच्या जागी जो जागता माणूस हवा, त्याला इंग्रजीत व्होल्टेज सुपरवायझर म्हणतात. कामगाराच्या कानाला हा शब्द फारसा गोड नाही, हे आम्ही जाणतो. आमच्या बोलीत त्याला मुकादम म्हणू. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा टीएल ७७०५, मॅक्सिम कंपनीचा मॅक्स ६९०, डॅलस सेमीकंडक्टरचा डीएस १२३२ ही त्यांतली नावाजलेली नावे. मॅक्सिमने २००१ मध्ये डॅलस घेतली आणि २०२१ मध्ये अ‍ॅनालॉग डिव्हायसेसने मॅक्सिम घेतली. मालक बदलले तरी मुकादमाचे काम तेच राहिले.

त्याच्या पोटात काय असते ते सांगितले पाहिजे, कारण येथेच खरी गंमत आहे. दाब मोजायचा तर गज हवा, आणि गज त्याच विजेवर चालणार जी स्वतः डळमळते आहे. मग गज खरा कशावरून? सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरमध्ये एक दाब असा असतो की तो तापमान वाढले की दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. दुसरा एक फरक असा काढता येतो की तो तापमानाबरोबर वाढतो. एकाची घट आणि दुसऱ्याची वाढ बरोबर फेडून बेरीज केली, तर सुमारे सव्वा व्होल्टचा एक दाब हाती येतो. तो उन्हाळ्यात तोच, हिवाळ्यात तोच, आणि वरची वीज पाच असो की चार, तोच. याला बँडगॅप संदर्भ म्हणतात. १९७० च्या सुमारास रॉबर्ट विडलर या अमेरिकन अभियंत्याने तो एकसंध चिपांत व्यवहारात आणला. मुकादम आपल्या या गजाशी प्रोसेसरच्या विजेचा ठरावीक हिस्सा सतत ताडून पाहतो. हिस्सा कमी भरला की रिसेटचा पाय पकडतो.

कोठे पकडावे हाही विचाराचा भाग. मॅक्स ६९० ची रेघ ४.६५ व्होल्टवर आहे. पाच टक्के सूट असलेली चांगली वीज फार तर ४.७५ पर्यंत उतरेल. दहा टक्के सूट असलेला प्रोसेसर ४.५ पर्यंत बरोबर चालण्याची हमी देतो. म्हणजे विजेने शब्द मोडलेला आहे, पण प्रोसेसर अजून बिघडलेला नाही, अशा अरुंद बोळात ही रेघ आखली आहे. प्रोसेसर चुकल्यानंतर थांबविण्यात अर्थ नसतो, म्हणून आधी थांबवायचे. आणि रेघेवरच दाब थरथरू लागला तर मुकादमाने ‘थांब-चल, थांब-चल’ करू नये, म्हणून सोडण्याची रेघ पकडण्याच्या रेघेपेक्षा किंचित वर, सुमारे ४० मिलिव्होल्टने वर, ठेवलेली असते.

दाब सुधारल्यावर तो लगेच सोडीतही नाही. मूळ ६९० मध्ये ५० मिलिसेकंद आणि पुढच्या ६९०-ए मध्ये २०० मिलिसेकंद तो धरून ठेवतो, तेवढ्यात वीज आणि स्फटिक दोन्ही स्थिर होतात. हा अवधी किरकोळ समजू नये. आमच्या चौकीतले खड्डे १० मिलिसेकंदांनी येत होते. २०० मोजून होण्याआधीच पुढचा खड्डा येणार आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे १५० व्होल्ट असेतोवर प्रोसेसर एकसारखा थांबलेलाच राहील.

आणखी एक बारकावा आम्हाला फार आवडला. दाब पडत जातो तसा मुकादमालाही कमीच मिळते. तोही अर्धपोटी होऊन भलते करू लागला तर? म्हणून अशा चिपा बनविणारे हमी देतात की, वीज १ व्होल्टपर्यंत उतरली तरी रिसेटचा संकेत खराच राहील. त्याच्याही खाली प्रोसेसर काही करण्याच्या स्थितीतच नसतो. ज्याच्यावर देखरेख करायची त्याच्यापेक्षा कमी अन्नावर शुद्धीत राहणे, ही या मुकादमाची पात्रता आहे. आम्ही पाहिलेल्या माणसांतल्या मुकादमांचे मात्र जेवण नेहमीच आधी झालेले असे.

हे ज्ञान आम्ही मिळविले ते जुन्या बाजारातल्या इंग्रजी डेटाबुकांतून, शब्दकोश मांडीवर घेऊन, आणि आमच्या गावच्या एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्या डिप्लोमाधारक मुलाच्या मदतीने. संघटनेने पत्र दिले, दोन बैठका झाल्या आणि व्यवस्थापनाने यंत्र त्यांच्या व आमच्या माणसांसमोर उघडू दिले. हे त्यांच्या बाजूने नोंदविले पाहिजे. झाकण काढल्यावर तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने बोट ठेवले. छापील बोर्डावर एका आठ पायांच्या चिपेची जागा आखलेली होती, भोकेही पाडलेली होती, आणि भोके रिकामी होती. शेजारी तो १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. आखणी करणाराने मुकादमाची जागा ठेवली होती. भरती करताना कोणीतरी ती जागा वाचविली. बोर्डाच्या रेषा पाहून त्या मुलाने सांगितले, “येथे ६९० यायला हवा होता.”

ती चिप आम्ही पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणली. दोन माणसांच्या राईस प्लेटला पडतात तेवढे पैसे पडले. नंतर यंत्राच्या वाटेत एक डिमरस्टॅट लावला. आधी चिपेवाचून चाचणी घेतली. २३० वरून दाब सावकाश खाली आणला. १५५ च्या खाली काचेवरचे घड्याळ चालूच राहिले, ‘टिक्’ होत राहिले. पुन्हा २३० वर नेऊन नोंदी काढल्या, तर टेकविलेल्या वीस कार्डांपैकी सहा गायब, आणि एका कार्डावर तेरावा महिना. व्यवस्थापकांनी तो कागद स्वतः दोनदा वाचला. मग चिप बसविली. दाब उतरताच काच एका झटक्यात कोरी झाली, कार्ड टेकविले तर आवाज नाही, काही नाही. दाब वर नेला, काच उजळली, आणि वीसच्या वीस जुन्या नोंदी जागच्या जागी.

कोणी म्हणेल, यंत्र थांबले तरी हजेरी बुडालीच की. बुडाली खरी, पण रांगेतल्या पहिल्या माणसाला ते दिसते. तो चौकीदाराला हाक मारतो, वही निघते, सही होते. न दिसणाऱ्या चुकीपाशी कोणीच वही काढीत नाही.

६९० ची आणखी दोन-तीन कामे थोडक्यात सांगतो. हजेरीच्या नोंदी ज्या स्मृतीत असतात तिला वीज गेल्यावर एक लहान सेल जगवितो. मुख्य वीज पडली की सेलवर नेण्याचे काम मुकादमच करतो, आणि त्याचा थोरला भाऊ ६९१ स्मृतीचे दारही लावून घेतो, म्हणजे जाता जाता प्रोसेसरने काही खरडू नये. दुसरे, तो टाकीकडेही, म्हणजे रेग्युलेटरच्या आधीच्या दाबाकडे, नजर ठेवू शकतो. टाकी ११ वरून ९ वर आली की आगाऊ सूचना देता येते. वर सांगितलेल्या हिशेबाने ९ वरून ७ वर यायला १० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात प्रोसेसरची १० हजार चक्रे होतात. शेवटची नोंद पुरी करून वही मिटायला हा वेळ भरपूर आहे.

तिसरे काम वॉचडॉगचे. प्रोसेसरने दर १.६ सेकंदांच्या आत एका पायावर टकटक करायची. टकटक थांबली, तर तो कोठेतरी अडकला असे समजून मुकादम त्याला रिसेट करतो. पूर्वी रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला प्रत्येक कोपऱ्यात जाऊन घड्याळात किल्ली फिरवावी लागे, तसे हे. येथे एक लबाडी चालते. काही कार्यक्रम लिहिणारे ही टकटक ठरावीक वेळाने आपोआप वाजणाऱ्या व्यत्ययात घालून टाकतात. मग मुख्य काम ठप्प झाले तरी टकटक चालूच राहते. एकाचे कार्ड दुसऱ्याने टेकविण्यासारखेच हे आहे, आणि तो प्रकार आमच्या लोकांत होतो हे संघटनेचे असूनही आम्ही नाकारीत नाही.

अलीकडे मुकादम प्रोसेसरच्या पोटातच राहावयास आला आहे. त्याला ब्राउन-आउट डिटेक्टर म्हणतात. शाळकरी मुले ज्या अर्डुइनो उनो बोर्डावर खेळतात, त्यातल्या एटीमेगा ३२८-पी मध्ये तो आहे, आणि त्याच्या रेघा १.८, २.७ किंवा ४.३ व्होल्ट अशा निवडता येतात. मात्र ही चिप कारखान्यातून येते तेव्हा तो बंद केलेला असतो. बसविणाऱ्याने तो मुद्दाम चालू करायचा. उनो बोर्डावर तो चालू करून २.७ वर ठेवलेला असतो. पण त्या बोर्डाचा ठेका १६ मेगाहर्ट्झचा, आणि त्या वेगाने बरोबर चालण्याची हमी सुमारे ३.८ व्होल्टच्या वरच. म्हणजे ३.८ आणि २.७ यांच्या दरम्यान मुकादम जागा आहे, पण त्याला दिलेल्या हुकुमाप्रमाणे सगळे ठीक आहे. खेळण्यात हे चालेल. हजेरी, वीजमीटर किंवा रुग्णाच्या उशाशी असलेले यंत्र यांत चालू नये. नव्या यंत्रांत ३.३, १.८, १.२ असे दोन-तीन दाब एकत्र नांदतात, त्या प्रत्येकावर नजर ठेवणारे आणि कोणता आधी, कोणता नंतर द्यायचा हे ठरविणारे मुकादमही निघाले आहेत. तत्त्व तेच असल्याने त्यांत शिरत नाही.

सतरा जणांचे कापलेले दिवस पुढच्या पगारात परत मिळाले. आरोपपत्रही मागे घेतले गेले. परंतु तो प्रेसवाला त्याच्या तीन आठवडे आधीच हिशेब घेऊन गावी गेला होता. आम्ही निरोप धाडला. तो आला नाही. त्याचे चार दिवसांचे पैसे मनिऑर्डरने पाठविले आणि पोच आली.

त्यानंतरच्या प्रत्येक करारात आम्ही दोन ओळींचे कलम घालतो : हजेरीयंत्र बसविताना ते उभयपक्षांच्या माणसांसमोर डिमरस्टॅटवर लावून १५० व्होल्टपर्यंत उतरवावे व नोंदी ताडाव्यात, आणि पहिला महिना जुने मस्टर समांतर चालवावे. गेल्या वर्षी एका कारखान्यात चेहरा ओळखणारे यंत्र आले. विक्रेत्याचा तरुण प्रतिनिधी आमचा डिमरस्टॅट पाहून हसला. दाब १७० वर आल्यावर त्या यंत्राने चौकीदाराला महिला विभागातील एक कर्मचारी ठरवून आत घेतले. ते यंत्र त्याच टेंपोतून परत गेले.